लहान बाजाराची तरलता आणि मोठ्या बाजाराची मापे

अर्थशास्त्रातील काही संज्ञांचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे गृहीत धरून चर्चा चालते, आणि मापनाची वेळ आली म्हणजे प्रत्येकाच्या मनात निराळीच वस्तू होती असे आढळून येते. भागबाजाराची ‘तरलता’ ही अशांपैकी एक संज्ञा होय. मराठी लेखकांनी केन्सच्या विवेचनासाठी ‘रोखता’ हा शब्द योजला. पुढे बँका व बाजार यांच्यासंबंधी लिहिताना ‘तरलता’ हा शब्द रूढ झाला. ही दोन नावे पर्यायी समजली जातात. पण प्रस्तुत लेखकास हे द्वैत उपकारक वाटते. माणसाला रोख पैसा जवळ असावा असे वाटते, ती रोखतेची आवड. हाती असलेला भाग बाजारात नेला असता तो लवकर, फारसा तोटा न सोसता आणि भाव फारसा न ढळवता विकला जाणे, हा बाजाराचा गुण, ती तरलता. पहिली गोष्ट मनाची आहे, दुसरी संस्थेची. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द असल्यामुळे जो गोंधळ होतो, तो आपण टाळू शकतो.

या गुणाचे तीन पैलू काइल याने १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वेगळे काढले आहेत. खरेदीचा व विक्रीचा भाव एकमेकांस किती लागून आहेत, भाव न हलवता किती भाग खपू शकतात, आणि अकारण ढळलेला भाव किती लवकर मूळ पदावर येतो, हे ते पैलू होत. न्यूयॉर्क किंवा लंडन येथे हे तिन्ही गुण बहुधा एकत्र नांदतात. म्हणून एकाचे माप घेतले तरी इतर दोहोंचा अदमास येतो. लहान बाजारात ते एकत्र नांदतातच असे नाही. या एका भेदाकडे दुर्लक्ष करून मोठ्या बाजारात घडवलेली मापे लहान बाजारास लावली जातात, ही आमची मुख्य तक्रार आहे. ती हवेत राहू नये म्हणून येथे मॉरिशसचे उदाहरण घेतले आहे.

मॉरिशस हे साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचे बेट. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले, तेव्हा त्याचा संसार जवळजवळ उसावर चाले. तेथील भागबाजार १९८८ च्या कायद्यान्वये स्थापन झाला आणि ५ जुलै १९८९ रोजी केवळ पाच कंपन्यांची नोंद घेऊन उघडला. प्रारंभी बाजार आठवड्यातून मोजक्याच दिवशी भरे. दलाल समक्ष जमत आणि पुकाऱ्याने सौदे होत. १९९४ मध्ये विनिमय-नियंत्रण उठल्यावर परदेशी गुंतवणूकदारांस दार उघडले. १९९७ च्या प्रारंभी मध्यवर्ती निक्षेपसंस्था आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून रोजचे व्यवहार सुरू झाले. जून २००१ मध्ये पुकारा जाऊन यंत्रावरील आदेशपद्धती आली. ऑगस्ट २००६ मध्ये लहान कंपन्यांसाठी निराळा बाजार निघाला. अठरा वर्षांच्या अवधीत इतक्या ठळक व तारीखवार सुधारणा झालेला बाजार संशोधकास मोठा सोयीचा वाटतो. सुधारणेपूर्वी तरलता किती, नंतर किती, असा साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर काढावे! परंतु हा प्रश्न साधा नाही.

सर्वांत जुने व सर्वांत लोकप्रिय माप म्हणजे उलाढाल-गुणोत्तर. वर्षभरात झालेल्या सौद्यांचे मूल्य भागिले सर्व नोंदलेल्या भागांचे बाजारमूल्य. लेविन व झर्व्होस यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात ४७ देशांची १९७६ ते १९९३ या काळातील आकडेवारी तपासून असे दाखवले की, बाजाराचा नुसता आकार विकासाचे भाकीत करीत नाही. उलाढालीने मोजलेली तरलता मात्र करते. या निष्कर्षाचा प्रभाव फार दूरवर पोचला. विकसनशील देशांनी भागबाजार काढावे आणि त्यांची उलाढाल वाढवावी, या सल्ल्यास त्यातून शास्त्रीय आधार मिळाला. निबंधाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. लेखकांनी स्वतःच आपल्या मापांच्या मर्यादा नोंदवल्या आहेत; आणि नुसत्या भाववाढीनेही उलाढालीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण फुगते, हे त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु त्यांच्या कालखंडात मॉरिशसच्या बाजाराच्या वाट्यास जेमतेम साडेचार वर्षे येतात. जे बाजार त्या निष्कर्षाच्या जोरावर वाढवले गेले, त्यांपैकी अनेक त्या पुराव्याच्या बाहेरचे होते, ही गोष्ट विसरली जाते.

मॉरिशसमध्ये या गुणोत्तराचा छेद आणि अंश हे दोन्ही फसवे आहेत. छेदाचे पाहू. तेथील जुन्या उद्योगसमूहांचा पाया साखरमळ्यांत आहे. मळा, कारखाना, हॉटेल, व्यापारी पेढी अशा कंपन्या एकमेकींचे भाग धरून असतात, आणि त्यांच्या माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कौटुंबिक धारक कंपन्या बसलेल्या असतात. हे भाग विकावयाचे नसतातच. ती सत्तेची किल्ली आहे. असे अचल भाग छेदात धरले म्हणजे गुणोत्तर खाली येते. परंतु त्यावरून उरलेल्या चल भागांचा बाजार तरल आहे की नाही याविषयी काहीच कळत नाही. पुढील काळात परकीय चलनात नोंदलेल्या निधींची भर पडली. त्यांचे धारक बहुतांशी बेटाबाहेरचे असतात आणि भाग क्वचित हात बदलतात. त्यांस छेदात घ्यावे की वगळावे? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. पण ज्या मापाचे मूल्य अशा कारकुनी निर्णयावर कितीतरी पट बदलते, त्या मापाने दोन देशांची प्रतवारी लावणे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

अंशाची कथा याहून बोलकी आहे. लहान बाजारात वर्षाच्या उलाढालीचा मोठा हिस्सा काही थोड्या ठोक सौद्यांचा असू शकतो. एका समूहाने दुसऱ्यास आपला वाटा द्यावयाचा ठरवले, भाव बैठकीत निश्चित झाला, आणि तो व्यवहार नोंदणीपुरता बाजारातून गेला. अशा वर्षी गुणोत्तर उसळते. वर्तमानपत्रे बाजाराच्या चैतन्याविषयी लिहितात. वस्तुतः बाजाराने त्यात काहीच केलेले नसते. खरेदीदार शोधला गेला तो बाजाराबाहेर.

उलाढालीच्या या दोषांमुळेच संशोधक भावांकडे वळले. रोल याने १९८४ मध्ये एक चतुर युक्ती सुचवली. सौदे कधी खरेदीभावास व कधी विक्रीभावास होतात, म्हणून भाव त्या दोहोंमध्ये हेलकावे खातो. लागोपाठच्या भावबदलांत त्यामुळे ऋण सहविचरण निर्माण होते. त्या सहविचरणाचे चिन्ह बदलून वर्गमूळ काढावे, दुप्पट करावी, की भावांतर हाती येते. दलालाला न विचारता केवळ बंद भावांवरून त्याचे अंतर ओळखता येते, ही कल्पना खरोखर सुंदर आहे. पण सहविचरण धन आले तर वर्गमूळच निघत नाही. अमेरिकेच्या दैनिक भावांतही असे मोठ्या संख्येने घडते. तेथे कित्येक अभ्यासक त्या जागी शून्य मांडून पुढे जातात. लहान बाजारात बातमी भावात मुरावयास दिवसच्या दिवस लागतात, कारण सौदाच रोज होत नाही. त्यामुळे भावबदल एकाच दिशेने रेंगाळतात आणि धन सहविचरण हा अपवाद न राहता जवळजवळ नियम होऊ पाहतो. तेथे शून्य मांडणे म्हणजे सर्वांत सुस्त भागास ‘भावांतर शून्य’, म्हणजे परिपूर्ण तरलतेचे, प्रशस्तिपत्र देणे होय. शिवाय ज्या बैठकीत साचलेले आदेश एकत्र करून एकाच भावाने जुळवले जातात, तेथे रोलच्या अर्थाने हेलकावा असतच नाही. तेव्हा ठरावीक दिवशी भरणाऱ्या जुन्या बाजाराची आकडेवारी आणि यंत्रावरील सतत चालणाऱ्या बाजाराची आकडेवारी या एकाच सूत्रात घालून ‘सुधारणेचा परिणाम’ काढणे हा विनोदच ठरेल.

लेसमंड, ऑग्डेन व ट्रझिंका यांनी १९९९ मध्ये निराळा मार्ग धरला. माहितीचे मूल्य व्यवहाराच्या खर्चाहून कमी असेल तर जाणता माणूस सौदा करणार नाही. त्या दिवशी भाव जागचा हलणार नाही. म्हणून ज्या दिवशी परतावा शून्य, तो दिवस खर्चाच्या भिंतीची खूण. बेकार्ट, हार्वे व लुंडब्लाड यांनी २००७ मध्ये उदयोन्मुख बाजारांस हेच माप लावले. यासाठी केवळ भावांची दैनिक मालिका पुरते, हे याचे मोठे आकर्षण आहे. गरीब देशांत तेवढीच मिळते. आम्हांसही हे माप इतरांहून अधिक प्रामाणिक वाटते. तरी मॉरिशसच्या १९९७ च्या सुधारणेस ते लावून पाहावे म्हणजे त्याचा घोटाळा दिसेल.

समजा, एक भाग आहे. बाजार आठवड्यातून तीन दिवस भरतो, म्हणजे चार आठवड्यांत बारा बैठका. त्यांपैकी आठ बैठकींत सौदा होतो आणि, सोयीसाठी असे धरू की, सौदा होतो तेव्हा भाव थोडातरी बदलतो. शून्य दिवसांचे प्रमाण बारांत चार, म्हणजे ३३ टक्के. आता बाजार रोज भरू लागला. विकणारे व घेणारे तेच. फक्त ते वीस दिवसांत पांगले. नऊ दिवशी सौदे झाले, अकरा दिवस कोरे गेले. शून्याचे प्रमाण ५५ टक्के! मापाच्या मते तरलता ढासळली. वास्तविक ज्याला मंगळवारी पैसे हवेत त्याला आता बुधवारची वाट पाहावी लागत नाही, आणि एक सौदा अधिकच झाला आहे. याच्या उलट, संशोधकाने पूर्वीच्या काळासही पाच दिवसांचा आठवडा धरला आणि बंद दिवसांवर आदल्या बैठकीचा भाव उतरवून घेतला (संगणकावरील मालिकांत हे पुष्कळदा आपोआप झालेले असते), तर पूर्वीचे प्रमाण वीसांत बारा, म्हणजे ६० टक्के, नंतरचे ५५. आता मापाच्या मते तरलता सुधारली. सौदे तेच आहेत, माणसे तीच आहेत. संशोधकाने भिंतीवर कोणती दिनदर्शिका टांगली एवढ्यावर सुधारणेचे यशापयश ठरले. असा निकाल छापताना दिनदर्शिकेचा उल्लेख तळटीपेतही नसतो, हे दुर्दैव.

शून्याचे आणखी एक कारण संभवते, ते सौद्याच्या खर्चाशी मुळीच संबंधित नाही. बातमी नसेल तर भाव हलू नये, हे योग्यच आहे. साखरेचा हंगाम कसा गेला, चक्रीवादळ आले की नाही, युरोपीय बाजारातील साखरेच्या भावाचे काय झाले, अशा थोड्या व ठळक घटनांवर ज्या कंपनीचे भवितव्य अवलंबून असते, तिच्या भागाने रोज नाचावे अशी अपेक्षा का करावी? म्हणून ज्या दिवशी सौदा झाला पण भाव तोच राहिला तो शून्य, आणि ज्या दिवशी सौदाच झाला नाही तो शून्य, हे दोन वेगळे मोजले पाहिजेत. पहिला तरलतेचा पुरावाही असू शकतो.

यानंतर अमिहूद याचे २००२ मधील माप. आज ते इतके प्रचलित आहे की, तरलता म्हणजे अमिहूद असे समीकरणच झाले आहे. दिवसाच्या परताव्याची निरपेक्ष किंमत भागिले त्या दिवसाची उलाढाल. अशा भागाकारांची सरासरी. एका रुपयाच्या सौद्याने भाव किती ढळला, असा त्याचा भावार्थ. माप न्यूयॉर्कच्या बाजारावर घडले. तेथे ज्या भागाचा रोज सौदा होत नाही असा भाग शोधावा लागतो. मॉरिशसमध्ये उलटे आहे, आणि उलाढाल शून्य असेल तर भागाकारच होत नाही. तो दिवस सरासरीतून गळतो. म्हणजे अतरलता मोजणारे माप अतरलतेचे सर्वांत निर्विवाद दिवसच टाकून देते.

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. महिन्याच्या वीस दिवसांत एका भागाचे दोनच दिवस सौदे झाले. एका दिवशी ५० रुपये भावाचे १०० भाग, म्हणजे ५,००० रुपयांची उलाढाल, आणि भाव १ टक्का ढळला. भागाकार एक दशलक्षांशाच्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी दोन समूहांमधला ठरवून आणलेला ठोक सौदा, २ लाख भाग, १ कोटी रुपये, भाव जागच्या जागी, भागाकार शून्य. सरासरी एक दशलक्षांश. म्हणजे ज्या सौद्यात बाजाराची परीक्षाच झाली नाही, त्याने अतरलता निम्म्यावर आणली, आणि अठरा कोरे दिवस हिशेबातच आले नाहीत. कोणी म्हणेल, सरासरी काढू नका, एकूण ढळ भागिले एकूण उलाढाल असे करा. तसे केल्यास उत्तर जवळजवळ हजारपट लहान येते. एकाच कल्पनेच्या, तितक्याच समर्थनीय अशा दोन रीतींत हजारपटीचे अंतर पडत असेल, तर त्या आकड्याच्या तिसऱ्या दशांशस्थळाची चर्चा कशासाठी?

वेमिन लिऊ याने २००६ मध्ये ज्या दिवशी मुळीच उलाढाल झाली नाही असे दिवस मोजून, त्यांत उलाढालीची दुरुस्ती करून माप बनवले, तेव्हा निदान या गळतीची दखल घेतली गेली. लहान बाजाराच्या अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

आमच्या प्रतिपादनाविरुद्ध जाणारा पुरावा येथे सांगणे न्याय्य होईल. लेसमंड याने २००५ मध्ये ३१ उदयोन्मुख बाजारांतील प्रत्यक्ष पुकारलेल्या भावांतरांशी या मापांची तुलना केली. देशादेशांतील फरक दाखवण्यास भावांवर आधारलेली मापे, म्हणजे रोलचे आणि त्याचे स्वतःचे, उलाढालीवरील मापांहून सरस ठरली असे त्यास आढळले. गोयेन्को, होल्डन व ट्रझिंका यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या सूक्ष्म आकडेवारीवर अशीच कसोटी घेतली. फाँग, होल्डन व ट्रझिंका यांनी २०१७ मध्ये ती ४३ बाजारांपर्यंत नेली. त्यांच्या मते काही मापे पुष्कळ चांगली उतरतात. तेव्हा ही सर्व मापे निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. प्रश्न कसोटीच्या दगडाचा आहे. पुकारलेले भावांतर जेव्हा खरेदीदार व विक्रेता दोघेही फलकावर असतात तेव्हाच असते. लहान बाजारात फलकाची एक बाजू रिकामी असणे ही नित्याची गोष्ट. विकावयास पाच जण उभे, घ्यावयास कोणी नाही. त्या घटकेस भावांतर किती? ते अनंत आहे, किंवा ते नाहीच. कोणत्याही रीतीने ते सरासरीत शिरत नाही. म्हणून ज्या दगडावर मापे घासली, तो दगडही बाजाराच्या बऱ्या दिवसांतूनच घडलेला आहे. मापे व कसोटी यांचा मेळ बसावा यात नवल नाही; दोघींचीही दृष्टी एकाच ठिकाणी अधू आहे.

हा केवळ संख्याशास्त्राचा वाद असता तर या पत्रिकेची पाने त्यासाठी अडवली नसती. मॉरिशसमध्ये १९९४ मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट ही संस्था कायद्याने निघाली. साखर कारखान्यांच्या भांडवलातील २० टक्के वाटा कामगार व लहान ऊसकरी यांच्या हाती यावा, हा तिचा हेतू. ज्यांचे पणजोबा मळ्यावर करारबंद मजूर म्हणून उतरले, अशा घरांपर्यंत मालकीचा कागद पोचला. (कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही याच ऊसकऱ्यांत व कामगारांत मोडतात, आपल्या वाचकांस हा विषय अगदीच परका वाटू नये.) मालकी वाटून देण्याच्या अशा प्रयोगाचे अर्धे सत्त्व कागद मिळण्यात असते, आणि अर्धे तो अडीअडचणीस विकता येण्यात. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या छपरासाठी लहान धारकास आपले भाग मोडावयाचे असतील, तर ते किती दिवसांत आणि किती तूट सोसून मोडता येतात, हा त्याच्या दृष्टीने तरलतेचा संपूर्ण अर्थ आहे. ठोक सौद्यांनी फुगलेले गुणोत्तर त्यास याचे उत्तर देत नाही. उलट, बाजार तरल झाला असा अहवाल निघाला की त्याच्या अडचणीचा विचार करण्याचे कारणच संपते. पेन्शन निधीची अडचण आणखी निराळी: त्यास शंभर भाग विकावयाचे नसतात, लाख विकावयाचे असतात, आणि त्यास फलकाची पहिली ओळ निरुपयोगी असते. केन्सने १९३६ मध्ये दाखवून दिले होते की, समाजाला समग्र म्हणून तरलता नसते, ती एकेका व्यक्तीस दुसऱ्याच्या जिवावर मिळते. मोठ्या बाजारात हे विधान तत्त्वज्ञानासारखे वाटते. बेटावर ते रोज डोळ्यांना दिसते, कारण तो दुसरा कोण, हे पुष्कळदा नावानिशी ठाऊक असते.

मग काय मोजावे? २००१ पासूनची आदेशांची नोंद यंत्रात आहे. त्या नोंदीत विक्रीचा प्रत्येक आदेश जन्मतो, आणि तो एकतर पुरा होतो, किंवा मागे घेतला जातो, किंवा मुदत संपून मरतो. विमाशास्त्रज्ञ माणसांची आयुर्मान-सारणी बनवतात, तशी या आदेशांची बनवावी. शेवटच्या भावाच्या दोन टक्क्यांच्या आत घातलेला शंभर भागांचा आदेश पहिल्या दिवशी पुरा होण्याची संभाव्यता किती, पाचव्या दिवशी किती, विसाव्या दिवशी किती. मागे घेतलेल्या आदेशांस अपयश किंवा यश न मानता अपूर्ण निरीक्षणे मानावे. त्यासाठीची गणिती रीत वैद्यकात पूर्वीपासून वापरात आहे. आकारानुसार सारण्या निराळ्या कराव्यात, म्हणजे लहान धारक व निधी यांची तरलता वेगळी दिसेल. त्याच्या जोडीस, फलकाची एक बाजू रिकामी राहिलेला काळ बाजाराच्या एकूण वेळाच्या किती टक्के, हे छापावे. दिनदर्शिका बदलली तरी ही मापे चळत नाहीत. ठोक सौदे त्यांत मिसळत नाहीत.

यातही एक छिद्र आहे आणि ते लहान नाही. जेथे दलाल मोजके आणि मोठे धारक परिचयाचे, तेथे विकणारा प्रथम दलालास विचारतो, दलाल दोन-चार ठिकाणी दूरध्वनी करतो, आणि घेणारा मिळाल्यावरच आदेश फलकावर चढतो. तो मग तत्काळ पुरा होतो, आणि आमची सारणी म्हणेल की वाहवा, प्रतीक्षा शून्य. ज्याला घेणारा मिळाला नाही त्याचा आदेश कधी जन्मासच येत नाही. ही प्रतीक्षा यंत्रात नाही. ती दलालाच्या वहीत किंवा स्मरणात आहे. ती मिळवावयाची तर संशोधकास आकडेवारीची फीत मागवून भागणार नाही. पोर्ट लुईस येथील दलालांच्या कचेऱ्यांत बसून, कोणी कधी विचारणा केली आणि कितव्या दिवशी त्यास होकार किंवा नकार मिळाला, याची निदान वर्षभर नोंद ठेवावी लागेल. आणि मधल्या काळात जे विचारून परत गेले ते का गेले, हेही त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे लागेल.